शेवटचे नऊ सेकंद

बबितानं कळ दाबली. लॅपटॉपमधला एकसुरी ‘ऊं’ हळूहळू उतरत गेला आणि शेवटी पायरी चुकल्यासारखा धपकन पडला.

"पडला," चुलीपुढून आईनं, जमनीनं, निकाल दिला.

"आकडे तं बरोबर उतरून राह्यले, याडी. शंभर, नव्वद, ऐंशी..."

"आकड्याले कान असते का?"

आवाजाच्या बाबतीत जमनीशी वाद घालायची तांड्यात कुणाची टाप नव्हती. ती गायला लागली की महागावच्या बाजारातले बैल माना वळवत, असं सांगतात. महागाव सातच कोस, म्हणून थोडं खरं मानायला हरकत नाही. आईचं ऐकून लेकीनं हिशेब बदलला. आता दर वेळी उरलेल्या आवाजाचा दहावा भाग उतरणार होता. कान असाच मोजतो. या खेपेला ‘ऊं’ नेमका कुठं संपला, ते दोघींनाही सांगता येईना.

चाचणी बबिता नेहमी या कोऱ्या सुरावरच घेई. शब्द असले की कान अर्थामागं धावतो आणि आवाजातली खोट निसटते.

काम राजदीपचं होतं. यवतमाळला तो आणि बबिता एका वर्गात होते. त्याचे सगळे प्रोजेक्ट हिनंच लिहिलेले. आता त्यानं तांड्यांतल्या गाण्यांचं ॲप काढलं होतं. दोन दिवस अंगणात बसून त्यानं जमनीची चौदा गाणी रेकॉर्ड केली, तिच्या हातच्या सात भाकरी खाल्ल्या आणि म्हणाला, "याडी, तुयं नाव घराघरात जाईन." नंतर फोनवर बबिताकडं त्यानं एवढंच मागितलं, "दरेक गाण्याचे शेवटचे नऊ सेकंद उतरव, अन् त्याच वेळी दुसरा आवाज चढव, तो मी मागून टाकतो. सांधा दिसू देऊ नको. तुयासारखं कोणाले जमत नाही."

हे शेवटचं वाक्य तिला फार आवडलं होतं.

महागावच्या सभागृहात उद्घाटनाच्या दिवशी जमनी नवी ओढणी घेऊन पहिल्या रांगेत बसली. तिचं गाणं सुरू झालं. कुठलंही गाणं संपवताना शेवटच्या ओळीत स्वतःचं आणि तांड्याचं नाव गुंफायची तिची रीत. मागं बसलेल्या तांड्यातल्या बाया त्या नावाला टाळी द्यायला हात उचलून तयार होत्या. शेवटची ओळ आली आणि आवाज लोण्यासारखा विरघळू लागला. नाव यायचं तिथं खालून, तितक्याच मऊपणे, राजदीपचा आवाज वर आला, "ही होती राजदीपची भेट."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. बायांचे हात हवेतच राहिले.

बबितानं त्याला जिन्यात गाठलं.

"याडीचं नाव कुठं गेलं?"

"अवं, लोकगीत आहे ते. लोकगीताले एका माणसाचं नाव शोभते का?"

"तुयं शोभते?"

तो हसला. तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "पण सांधा एक नंबर झाला. कोणालेच नाही समजलं." आणि पाहुण्यांकडं गेला.

परतीच्या ऑटोत जमनी वाटभर बाहेरच बघत होती. या बाईची जीभ झोपेतही थांबत नाही अशी ख्याती. ऑटोवाल्यानं दोनदा वळून पाहिलं.

घरी आल्यावर तिनं ओढणीची घडी घातली.

"चौदाही गाण्यांत असंच आहे का?"

"हो."

"त्यानंच केलं?"

हो म्हणणं सोपं होतं. बबितानं लॅपटॉप पुढं ओढला.

"त्या डब्यात लिहून असते का, कोणं काय केलं ते?"

"असते, याडी. दरेक बदलापुढं नाव असते. आपोआप लागते."

"वाच."

बबितानं लॅपटॉप उघडला. नोंदी एकाखाली एक होत्या. तिनं पडद्यावर बोट टेकवलं, पण नजर वर नेली नाही.

"शेवटचे नऊ सेकंद उतरवले. बबिता देवसिंग राठोड."

"अन् दुसऱ्या गाण्यात?"

"बबिता देवसिंग राठोड."

"चौदाही ठिकाणी?"

"चौदाही."

जमनीनं परातीत पीठ घेतलं, मधे खळगा केला आणि पाणी ओतलं.

"चला," ती म्हणाली, "तुया बापाचं नाव तरी राह्यलं."