मशीनकाकांचा पत्ता

फोन स्पीकरवर टाकून तिने तो शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला आणि वडिलांचा कॉम्प्युटर सुरू केला. इंटरनेटची कंपनी बदलायची ठरली होती. शुक्रवारी जुनं कनेक्शन बंद होणार आणि त्या कंपनीनेच दिलेला वडिलांचा ईमेलचा पत्ताही त्यासोबत जाणार. तो ठेवता येईल का ते विचारून सांगतो, म्हणून फोनवरच्या माणसाने तिला गाणं ऐकत ताटकळत ठेवलं होतं.

"अजून गाणंच?" बॉबिनवर दोरा भरता भरता आईने विचारलं. "माणूस कुठे उलथला?"

"येईल गं. साहेबांना विचारतोय."

तिला तो पत्ता हवाच होता. वडील जाऊन सात महिने झाले होते. जन्मभर लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त केली, 'मशीनकाका' म्हणून मेलवरही सल्ले दिले, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. ती शिकायला बाहेर होती तेव्हा मात्र दर रविवारी या पत्त्यावरून मेल यायचा. पानभर, मोकळा, खाली 'बाबा'. मनमोकळे वडील तिला तेवढेच भेटले होते.

पाठवलेले मेल तिने उघडले आणि पुढे वाकली. सगळ्यात वरचा आज सकाळचा होता.

'टाके सुटतात म्हणजे मशीन बिघडलं असं नाही. सुई उलटी बसली असेल. आधी ती बघा, मग मशीनला शिव्या द्या. मशीनकाका.'

काल दोन. गेल्या आठवड्यात पाच.

"आई, हे कोण लिहितंय?"

"मी. लोक विचारतात, त्यांना काय वाऱ्यावर सोडायचं?"

"तू? टायपिंग?"

"नवल काय त्यात? पहिल्यापासून मीच. हे सांगायचे, मी लिहायचे. पान्यावर चालणारा हात लिहायला बसला की आखडायचा त्यांचा. ऐकून ऐकून आता मलाच सगळं पाठ झालंय."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

तिने माउस फिरवला. महिने सरकले, मग वर्षं. तिला पाठवलेला एक मेल सापडला. 'आधी पोटभर जेव, मग परीक्षेला शिव्या दे. बाबा.'

तिने वर जाऊन सकाळचा मेल पुन्हा वाचला.

"मला यायचे ते पण बाबा सांगायचे?"

आईने दोरा दाताने तोडला. बॉबिन उजेडात धरून बघितली.

"पाठवायच्या आधी मला मोठ्याने वाचायला लावायचे," ती म्हणाली. "दोन-दोनदा."

गाणं थांबलं.

"मॅडम, पत्ता ठेवता येईल. फक्त आता तो वापरणाऱ्याच्या नावावर करावा लागेल. कोण वापरतं?"

फोन उचलून तिने आईपुढे धरला.

आईने एकदा तिच्याकडे बघितलं, बॉबिन खाली ठेवली.

"हं, लिहून घ्या," ती म्हणाली, आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.