माझ्याकडे कंट्रोल

विमान ज्वारीत कोसळलं तेव्हापासून ते चालवायचा दांडा माझ्या हातातून सुटलेला नाही. बाकीचं विमान शेतातून उचलून हँगरमध्ये नेलं. दांडा माझ्याबरोबर होस्टेलवर आला.

पडलो ते असं. शिकवणीच्या विमानात शिकणारा आणि शिकवणारा, दोघांकडेही दांडा असतो, पण चालवायचं एकानेच. घेणारा म्हणतो, "माझ्याकडे कंट्रोल." ते ऐकल्याशिवाय सोडायचं नाही आणि ऐकल्यावर धरून ठेवायचं नाही, हे आमच्या बोटांत भिनवलेलं असतं. त्या दिवशी मला शिकवणाऱ्या कॅप्टन मोघ्यांनी हात पुढे केला आणि मला वाटलं, त्यांनी घेतलं. त्यांना नुसती खिडकी लावायची होती. मग दोघंही हात मांडीवर ठेवून, हवा छान आहे म्हणत खाली आलो. पडल्यावर त्यांनी आधी माझे हात उचलून दांड्यावर ठेवले आणि मग मदतीसाठी हाका मारल्या.

आता मी दांडा वळवला की अख्खं फ्लाइंग स्कूल त्या बाजूला कलतं. मेसमध्ये सगळ्यांच्या मांडीवर आमटी सांडते. मला भरवायची पाळी ज्याची असेल तो घास मुद्दाम गरम देतो. मागच्या आठवड्यात एकदा झोपेत मी दांडा ओढला, तर सकाळी खिडकीखाली ढग होते. त्याच दिवशी माझ्या खोलीला बाहेरून कडी लागली.

"सर, घ्या ना," मी दाराआडून म्हणाले. "हात भरून आलेत."

"दांडा तुझ्याच हातात सापडला ना? सगळ्यांनी पाहिलंय," कॅप्टन मोघे म्हणाले.

खोली रोज अरुंद होत गेली. आज तिच्यात दोनच खुर्च्या मावतात, शेजारी शेजारी. स्कूलही खाली चाललंय. मी दांडा ओढते, पण उपयोग होत नाही. कानांत दडे बसलेत.

दुपारी आई एसटीने आली. ढगात स्टॉप कुठे, हे मी विचारलं नाही. कॅप्टन मोघ्यांनी स्वतः कडी काढली. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"या काकू, बसा." त्यांनी तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि साडीवरून पट्टा आवळला.

"काय गं ही हातांची दशा!" आई म्हणाली. "दे इकडे. मी धरते जरा."

"नको, आई. ऊठ तू. जा घरी!" मी ओरडले. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

"ती अशी नाही सोडणार, काकू," कॅप्टन मोघे तिच्या कानाशी वाकले. मागे कॉरिडॉरमध्ये सगळे दाटीवाटीने उभे होते. "दोनच शब्द म्हणा. मी सांगतो."

ते ऐकताना आईने मान डोलावली, लहानपणी माझे पाढे ऐकताना डोलवायची तशी. मग पदर खोचून तिने दांडा धरला.

"माझ्याकडे कंट्रोल," ती म्हणाली. एकही अक्षर चुकली नाही.

माझी बोटं उघडली. मी ती परत मिटायला गेले, पण ती शिकलेली होती. कॅप्टन मोघ्यांनी दार ओढून घेतलं. समोरच्या काचेत ज्वारीची कणसं एकेक करून ओळखू यायला लागली आणि आईने मला विचारलं, "आता काय करायचं असतं?"