नवरीच्या मागे कोण

राजकन्येचा प्रेमकथांवर जेवढा भरवसा होता, तेवढा तिच्या आईचा पोथीवरही नव्हता. लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात ती देखरेखीला होती. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी वर रसायनशास्त्र घोकत बसायच्या आणि ही जिन्याखालच्या खोलीत मोबाइलवर कथा वाचत बसायची. भाग पहिला, भाग दुसरा, असं करत साठ-सत्तर भाग. नायिकेला लहानपणी कुणी ना कुणी छळलेलं असायचंच. तिला आतून कडी लावून झोप यायची नाही, कुणी मागून आलं की ती दचकायची. मग एक उंच, तापट, पण मनानं लोण्यासारखा नायक यायचा. ती एकदा त्याच्या छातीवर डोकं ठेवून सगळं सांगायची, तो म्हणायचा, 'आता मी आहे', आणि पुढच्या भागात बाई ठणठणीत! एवढ्यात माणसाचं पडसंसुद्धा जात नाही. पण राजकन्येला ते खरं वाटायचं, कारण खोटं वाटून तिला परवडणारं नव्हतं.

ती लहान असतानाच बाप गेला. आई, नागाबाई, तिला घेऊन हिमायतनगरकडे भावाच्या घरी राहायला आली. त्या घरात पोर रात्री अंथरूण ओलं करू लागली. रामलिंगमामानं त्यावर आपला इलाज काढला. सकाळी ती ओली वाकळ पोरीच्या डोक्यावर द्यायची, मागून मान धरायची आणि भर गल्लीतून हापशापर्यंत चालवत न्यायचं. बाया हसायच्या, पोरं ओरडत मागे लागायची. नागाबाई चुलीपुढे खाली बघून भाकरी थापत राहायची. भावाच्या घरात तोंड उघडलं तर ती जाणार कुठे? शाळा लागली, समज आली, तरी हे थांबलं नाही. पुढे त्याच मामानं भाचीला कॉलेजपर्यंत शिकवलं, हेही खरंच. त्यामुळे लोकांच्या लेखी तो देवमाणूस होता आणि राजकन्येची बोलायची सोयच उरली नव्हती. आजवर तिनं हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग सुपारी फुटली. मुलगा कंधारकडचा, व्यंकट नावाचा, शिरूर अनंतपाळला वायरमन. माणूस खरंच चांगला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. फोनवर पहिलं काय विचारणार, तर "जेवलीस का?" राजकन्येनं त्याला तिची सगळ्यात लाडकी कथा वाचायला पाठवली, आणि त्यानं ती खांबावर चढता-उतरता आठवडाभरात संपवली. तिला वाटलं, आता याला सांगायला हरकत नाही.

लातूरला बसस्टँडजवळच्या रसवंतीत तिनं सगळं सांगितलं. वाकळ, हापसा, मानेवरचा तो हात. व्यंकटनं रसाचा ग्लास खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता मी हाय ना," तो म्हणाला.

अगदी कथेतलं वाक्य! राजकन्येला रडू आणि हसू एकदमच आलं.

"एकच मागते तुम्हाला," ती म्हणाली. "अक्षता पडताना नवरीच्या मागं मामा उभा राहतो. तो माझ्या मागं नको. आनंदराज चुलतमामा राहतील उभे. मी आईशी बोलते."

"न्हाई उभा राहणार. माझी जिम्मेदारी."

ती परत आली ती हवेत तरंगतच. कथेतल्या नायिकेसारखी तिलाही आतून कडी लावून झोप यायची नाही; दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं खोलीला कडी लावून पाहिली. छातीत धडधडायला लागलं तशी उठून काढली. पहिल्याच दिवशी कसं जमेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

लग्न कंधारच्या मंगल कार्यालयात होतं. हळदीचं अंग धुऊन, शालू नेसून राजकन्या नवरीच्या खोलीत बसली होती. आई मुंडावळ्या बांधत होती. तेवढ्यात रीतभात सोडून व्यंकटच दारात आला. चेहरा नुसता फुलला होता.

"काल तुझ्या मामाच्या गावाला गेलो होतो," तो म्हणाला. "समोरासमोर विचारलं. लई रडला गं माणूस. पाय धरू लागला माझे. थकलाय आता. मी म्हणलं, झालं गेलं सोडून द्या. केलं मी माफ."

"तुम्ही माफ केलं?"

"हाव, तुझ्या वतीनं. तू पाठवलेल्या कथेत शेवटी त्या पोरीला छळणारा तिचा काका येतोच की लग्नाला. ती पाया पडती अन् मोकळी होती. मलाबी तेच पटलं. मीच म्हणलं, मामा, तुम्हीच उभं राहायचं मागं."

"मला का नाही विचारलं?"

"तुझ्या भल्याचंच करून राहिलो ना मी. आता मनातलं सगळं निघून जाईल बघ."

तो गेला. आईनं मुंडावळीची गाठ घट्ट केली. "नशीब काढलंस गं," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्या भावाची लाज राखली जावयानं." म्हणजे व्यंकट मामाला भेटून आला हे आईला आधीच कळलं होतं, आणि तिच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं होतं.

'नवरीच्या मामानं नवरीला आणावं,' असा बाहेरून पुकारा झाला. राजकन्या बोहल्यावर कशी पोचली ते तिलाच कळलं नाही. पुढे अंतरपाट, मागे मामा. त्याचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर, आणि तो हुंदके देत होता. भाचीवरची माया बघून समोरच्या बायाही पदर डोळ्यांना लावत होत्या. राजकन्या लाकूड होऊन उभी होती. अंगातलं सगळं रक्त पाठीकडे धावत होतं, आणि मंगलाष्टकं काही केल्या संपत नव्हती.

अंतरपाट खाली आला. समोर व्यंकट उभा होता, मोठं काम तडीस नेलेल्या माणसाच्या समाधानानं. त्याचेही डोळे ओले होते आणि तो तिच्या हसण्याची वाट बघत होता. तिला त्याचा संताप आला, पण त्याच्यावर चिडायचं तरी काय म्हणून? त्यानं ऐकलं होतं, रडला होता, तिच्यासाठी धावलाही होता. जन्मात एकाच माणसाला सांगायचं तिनं राखून ठेवलं होतं, आणि त्याला तर सांगून झालं होतं.

"हार घाला, हार," कुणीतरी ओरडलं. राजकन्या हसली आणि तिनं हार घातला.