बांधाचे दोन फूट

"ताण दे. अजून. हां, आता हलू नगं," आयुब म्हणाले आणि उम्मेहानीनं साखळीची कडी खुंटीत अडकवली.

लोहाऱ्यात शाळेमागच्या पडीक जागेवर टेनिसचं मैदान होत होतं. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून झाला होता. आज रेघा मारायच्या. उद्या सकाळी बारा मुली येणार होत्या. त्यांतल्या एकीनंही अजून रॅकेट हातात धरलेली नव्हती. त्यांना पहिला धडा देऊन उम्मेहानी दुपारच्या एस.टी.नं सोलापूरला आणि तिथून पुढच्या स्पर्धेला निघणार होती.

तिचे अब्बा आयुब मोजणी खात्यातून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी रानोमाळ साखळी ओढली. भावाभावांत बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या तरी लोक म्हणायचे, आयुबभाईला बोलवा, त्यांनी साखळी ताणली की वाद मिटला. खात्यानं मोडीत काढलेली ती साखळी त्यांनी घरी आणून तेल लावून ठेवली होती.

मागून चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन बंडप्पा येत होता. खात्यातला त्यांचा जुना जोडीदार. "आयुबभाई, पोरगी देशोदेशी खेळून आली, आन् तुमी तिला खुंटी धराय लावली व्हय?"

"खुंटी धरणाराच पक्का लागतो, बंडप्पा. म्हणून तर तुला कधी दिली न्हाय."

बंडप्पा खो खो हसला. उम्मेहानीला हसू आलं नाही. खुंटी कुठं ठोकली गेली ते तिनं पाहिलं होतं.

०–६, ०–६

सोलापूर. वय वर्षं बारा. आयुष्यातली पहिली खरी स्पर्धा.

त्याच्या तीन वर्षं आधी शाळेतल्या राजेश्वरी मॅडमनी तीन जुन्या रॅकेटी आणल्या होत्या आणि एका चिठ्ठीवर मैदानाची मापं लिहून आयुबना दिली होती. आयुबनी घरामागचं खळं साफ केलं, चोपून घेतलं. उम्मेहानीच्या आईनं, जमिलाबीनं, ते शेणानं सारवलं. दर रविवारी सारवायची. म्हणायची, पोरीचा चेंडू उसळला पाहिजे, ढेकूळ लागून पळाला नाही पाहिजे. त्या खळ्यावर उम्मेहानी शाळेच्या आधी दोन तास आणि शाळेनंतर दोन तास खेळली. चेंडू नेमका मागच्या रेघेवर टाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सोलापुरात तिचा प्रत्येक चेंडू बाहेर गेला. खुर्चीवरचे पंच हात वर करायचे, आउट. पुन्हा आउट. समोरची मुलगी अर्धा वेळ नुसती उभी होती.

सामना संपल्यावर उम्मेहानी जाळ्यापासून मागच्या रेघेपर्यंत पावलं टाकत गेली. मग पुन्हा. घरी यापेक्षा एक लांब पाऊल जास्त पडायचं. तिला शेताची मोजणी ठाऊक होती. सुट्टीत ती अब्बांबरोबर जायची. मापाच्या टोकाला बांधासाठी दोन फूट सोडायचे, ही अब्बांची रीत. चिठ्ठीत अठ्ठ्याहत्तर फूट लिहिलेले. अब्बांनी दोन्ही टोकांना दोन-दोन फूट बांधाचे सोडून त्यापुढं रेघ मारली होती. बाजूंना भिंती होत्या म्हणून रुंदी तेवढी वाचली.

कुंपणापलीकडे आयुब डबा घेऊन उभे होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं. हात गार पडला होता, असं ती म्हणाली. त्यांनी तिला कडकडीत चहा पाजला.

६–३, ६–४ / २–६, ६–७ / ६–४, ३–६, ५–७

नाशिक. इंदूर. बंगळूर.

राजेश्वरी मॅडमनी तिला पुण्याला नेलं. तिथल्या प्रशिक्षकानं वर्षभर घासून तिचा हात दोन फुटांनी आखूड केला. ती जिंकू लागली. राज्य, मग देश. एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक झाली. ताश्कंद, मोनास्तिर, पुन्हा इंदूर. खानावळीतलं जेवण, बाथरूमच्या नळाला वाळत घातलेले मोजे, आणि तिचं नाव दर वेळी नवीन पद्धतीनं चुकवणारे पंच. जगात सहाशे बारावी, हा तिचा सगळ्यात वरचा आकडा. लोहाऱ्यात कुणाला तो सांगितला तर म्हणायचे, म्हणजे पुढं सहाशे अकरा हायेत? व्हय, ती म्हणायची, आणि मागं कितीक हायेत ते बी विचारा की.

बंगळूरला मात्र तो आकडा निम्मा झाला असता. तिसरा सेट, पाच–चार, एक गुण हवा. मोकळं मैदान समोर. हात उचलला तो पुण्यात शिकलेला हात नव्हता, खळ्यावरचा होता. चेंडू रेघेपलीकडे दोन फुटांवर पडला. घाईच्या घटकेला हात घरी जातो, हे तिनं त्या दिवशी कायमचं ओळखलं.

घरी फोनवर म्हणाली, समोरची चांगली खेळली.

बारा मुली

बंडप्पानं फक्कीची मूठ भरली आणि मागच्या रेघेचे, घरच्या खळ्याइतकेच, छत्तीस फूट ओढत नेले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची रेघ त्यानं आधीच मारून ठेवली होती. आयुब एक डोळा मिटून रेघेवरून बघत होते. सरळ होती. अगदी सरळ.

उद्या बारा हात या रेघेला चिकटतील, उम्मेहानीच्या मनात आलं. आणि तिनं तोंड उघडलं तर या माणसाची तीस वर्षं हलतील.

"अब्बा. रेघ मागं पडली. दोन फूट."

"न्हाय बेटा. अठ्ठ्याहत्तर, आन् बांधाचे दोन-दोन."

"टेनिसला बांध नसतो, अब्बा."

आयुबनी पुन्हा एक डोळा मिटून रेघेवरून बघितलं.

"रेघंवर पडला तर आत," ती हळू म्हणाली. "रेघंच्या पल्याड आपलं काईच नसतं."

बंडप्पा घमेल्यात हात घालून फक्की चाळवत बसला. आयुबनी साखळी खाली ठेवली.

"घरचं बी तसंच हाय?"

"व्हय."

"तुला कधी कळलं?"

"सोलापुरात."

ते मनात वर्षं मोजत होते, हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं. सोळापर्यंत आले आणि थांबले.

"बोलली का न्हाईस?"

"लोक तुमच्या साखळीची शपथ घ्यायचे, अब्बा. मी कुठल्या तोंडानं बोलू?"

"किती हरलीस त्यानं?"

"लोकांपरीस दोन फूट जादा पळायची सवय बी त्यानंच लागली. ताश्कंदला एक पोरगी म्हणली, तुला पाय किती हायेत."

"ते सांगू नगं. किती हरलीस?"

"मोजलं न्हाय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

आयुब खाली बसले. दोन्ही हातांनी खुंटी हलवून उपटली. मग दोन फूट आत, आधी वीत घालून, मग मॅडमच्या जुन्या चिठ्ठीवरचा आकडा बंडप्पाकडून मोठ्यानं वाचून घेऊन, साखळी नव्यानं लावून, त्यांनी ती पुन्हा ठोकली. दगडाचे चार घाव. बंडप्पा म्हणाला, उद्या सकाळी करू, ऊन चढलंय. आयुब म्हणाले, सकाळी पोरी येतील.

त्यांनी चपला काढल्या. अनवाणी पायानं, टाचेनं, ओढलेली रेघ ते पुसत निघाले. एका टोकापासून, घाई न करता, मागं वळून पुसलेलं तपासत. पांढरं त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत उडत होतं.

उम्मेहानी पलीकडच्या टोकाला गेली. तिनंही बूट काढले आणि तिथली रेघ पुसायला घेतली. दोघांच्या मध्ये अख्खं मैदान होतं. जाळं अजून बांधायचं होतं.