ईस्टरपर्यंत

जयदेव, सोनिया आणि करुणा नाताळाला येणार म्हणून बनूबाई भिंगारदिव्यांनी बदलापुरातल्या कात्रपच्या फ्लॅटमधली आतली खोली दिवाळीच्या आधीच झाडूनपुसून ठेवली होती. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात होता तोवर त्यांचा संसार तिथल्याच बुवापाड्यात झाला. निवृत्तीनंतर दोघं बदलापूरला राहायला आली आणि चारच वर्षांत नवरा गेला. एकुलता एक जयदेव तेव्हा दूर आफ्रिकेत, मलावीत होता. मिशनच्या दवाखान्यात दोनच डॉक्टर, त्यातला तो एक. त्याची बायको सोनिया तिथेच बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. बापाला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी जयदेव पोचला. बनूबाई त्याला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, पण ती गोष्ट त्यांच्या मनातून काही गेली नाही.

म्हणून या खेपेला त्यांनी मनाशी एक बेत केला होता. अंबरनाथला चर्चच्या मंडळीच्या ओळखीतल्या एका धर्मादाय इस्पितळाला डॉक्टर हवा होता. बनूबाईंनी पाळकसाहेबांना गाठून आपणहून सांगून ठेवलं होतं, "माझा जयदेव येतोय. जरा थांबा, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका." मुलाला मात्र त्यांनी यातलं काही कळवलं नव्हतं. समोरासमोर बसून, पोट भरल्यावर, हळूच विषय काढायचा असं त्यांनी ठरवलं होतं.

तिघं आली आणि घर भरून गेलं. नात करुणा आता अकरा वर्षांची, तिचा जन्मच तिकडचा. मराठी चांगली बोलायची, पण सूर वेगळाच. आजीला ती "आगोगो" म्हणायची. तिकडे आजी-आजोबांना तसंच म्हणतात. दोन दिवसांत बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरी तिच्या मैत्रिणी झाल्या आणि त्याही बनूबाईंना जिन्यात गाठून "सलाम, आगोगो!" म्हणू लागल्या.

जयदेव होता तसाच होता, मोठ्याने हसणारा, भरपूर जेवणारा. सोनिया मात्र बनूबाईंना ओळखू येईना. अंगाने वाळली होती हे एक. पण तिला क्षणभर स्वस्थ बसवत नव्हतं. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घालायची. कुणी काही विचारलं की आधी हसायची आणि मग उत्तर द्यायची.

रविवारी उपासनेनंतर मंडळीने दोघांना हार घातले. जयदेव छान बोलला, लोकांना हसवलं, रडवलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "आता सिस्टर सोनियांनीही दोन शब्द बोलावेत." सोनिया उठली. "तिकडे बायका फार लांबून चालत येतात," ती म्हणाली. "पोटुशा बायका. काही जणी..." एवढं बोलून ती थांबली आणि तशीच उभी राहिली. पुढचं वाक्य येईना. शेवटी ती खाली बसली. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. टाळ्या झाल्या. बनूबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या सुनेच्या हातांकडे बघत होत्या. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते, कुणी हिसकावून नेईल असे.

त्याच दुपारी जेवताना करुणाने विचारलं, "बाबा, आपण घरी कधी जायचं?"

बनूबाईंचा घास हातातच राहिला. "हे घर नाही का गं?"

"हे तुझं घर आहे, आगोगो. खूप छान आहे," करुणा म्हणाली आणि वाटीतली आमटी प्यायली. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते बोलणं बनूबाईंना लागलं ते लागलंच.

दुसऱ्या दिवशी फराळाचं काढलं. जयदेव पाळकसाहेबांकडे गेला होता, करुणा खाली खेळत होती. सासू-सून करंज्या करायला बसल्या. सोनिया लाटून द्यायची, बनूबाई सारण भरून मुरडायच्या. बनूबाईंना वाटलं, आधी सुनेला विश्वासात घ्यावं. त्यांनी इस्पितळाचं सांगितलं. पगार, क्वार्टर, करुणाची शाळा, सगळं सांगून झालं आणि त्या घाबरत घाबरत तिच्याकडे बघू लागल्या.

सोनियाचं लाटणं थांबलं. "आई, तुम्ही त्याला सांगा. तुम्ही म्हणालात तर तो थांबेल."

बनूबाईंना वाटलं, आपल्याला ऐकू नीट आलं नाही. "आणि तू? तुला चालेल?"

"मी म्हटलं तर तो थांबणार नाही. मी सांगूही शकणार नाही. लोक हार घालतात, आई. हार घातल्यावर कसं सांगायचं की मला परत जायचं नाही?"

आणि मग पिठाच्या हातांनी तोंड झाकून ती रडली. थोड्या वेळाने, एकेक वाक्य करत, तिने सांगितलं. गेल्या पावसाळ्यात तिला दिवस होते. पाचवा सरत आला आणि बाळ गेलं. घरी कळवायचं नाही, आईला उगाच घोर, असं दोघांनी ठरवलं. वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आठवड्यात ती ड्युटीवर गेली. तेव्हापासून रोज दुसऱ्यांची बाळं हातात घेते.

"घेते, पुसते, आईजवळ देते. सगळं बरोबर करते. पण हात गार पडतात, आई. बाळ रडलं की मला पळून जावंसं वाटतं."

बनूबाईंनी तिला जवळ ओढलं. कढईतलं तेल तापून धुरायला लागलं तेव्हा कुठे त्यांनी हात लांब करून गॅस बंद केला. त्या दिवशी करंज्या तशाच राहिल्या.

आता बनूबाईंना जे हवं होतं ते आयतं ताटात वाढून आलं होतं. मुलाला एक वाक्य बोललं की झालं. सून सोबत होती. तरीही त्यांना रात्रभर नीट झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. करुणाला नाताळाचा फ्रॉक घ्यायचा म्हणून त्या तिला घेऊन उल्हासनगरला गेल्या.

दुकानदार सिंधी, बोलका. "आओ अम्मा, पोती के लिए ना? बैठो, बैठो," म्हणत त्याने फ्रॉकांचा ढीग लावला. करुणाने निळा उचलला. येताना रिक्षात ती आजीला टेकून बसली आणि आपल्या त्या दुसऱ्या घराबद्दल सांगत राहिली. तिथला लाल रस्ता, आंब्याची झाडं, शेजारच्या मर्सीबाई.

"बाबा कुठे गेला ना, की लोक दवाखान्याच्या गेटपाशी बसून राहतात," ती म्हणाली. "आम्ही इकडे यायला निघालो तेव्हापण बसले होते. बाबा म्हणाला, येतो परत."

मग करुणाने आवाज खाली आणला.

"आगोगो, एक सांगू? आई तिकडे बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मला वाटलं, इकडे आल्यावर नाही रडणार. पण इकडेपण नळ सोडते."

बनूबाईंनी नातीचा हात धरला तो कात्रप येईपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी त्या जयदेवला म्हणाल्या, "चल, जरा पाय मोकळे करू." इमारतीच्या मागच्या रस्त्याने दोघं चालू लागली. बनूबाईंचे गुडघे दुखत, म्हणून जयदेव सावकाश चालत होता.

"तुझी बायको आजारी आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून? ताप आहे?"

"डॉक्टर आहेस ना रे तू? ताप नसलेला आजार तुमच्यात शिकवत नाहीत का?"

जयदेव थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून बनूबाईंना कळलं की त्याला कळलं. "तिने सांगितलं तुला? आई, मी तिला तेव्हा विचारलं होतं. तीच म्हणाली, मी ठीक आहे."

"आणि तू ऐकलंस. तुझ्या सोयीचं होतं ते, म्हणून लगेच ऐकलंस."

तो कठड्यावर बसला. एवढा मोठा माणूस, पण मान खाली घातली तेव्हा बुवापाड्यातला पोरच दिसला. म्हणाला, "पाळकसाहेब त्या इस्पितळाचं बोलले मला. तू सांगून ठेवलंयस ते. थांबू का मी, आई? तू म्हणत असशील तर थांबतो."

बनूबाईंच्या जिभेवर शब्द आला होता. थांब, एवढाच. तेवढा शब्द त्यांनी किती प्रार्थनांमध्ये घोळवला होता. पण सोनियाचं दुःख पुढे करून आपली हौस पुरवायची, हे त्यांना जमेना. आणि ते गेटपाशी बसलेले लोकही डोळ्यांपुढून हलेनात.

"मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "मला काय हवंय ते तुला माहीत आहे, ते मी कशाला लपवू? पण विचारायचं ते तिला विचार. आणि ती बोलायला लागली की मधे बोलू नकोस. देवाचं वचनही सांगू नकोस. नुसतं ऐक."

त्या संध्याकाळी नवरा-बायको आतल्या खोलीत दार लावून बसली. बाहेर बनूबाई आणि करुणाने गॅलरीत नाताळाची दिव्याची चांदणी टांगली, मग वायर उलटी लागली म्हणून काढून पुन्हा टांगली. खूप वेळाने दार उघडलं. दोघांचे डोळे सुजले होते. जयदेव म्हणाला, "आई, सोनियाला ईस्टरपर्यंत ठेवून घेशील?"

बोलता बोलता सोनियाला स्वतःलाच उमगलं होतं, की दवाखाना कायमचा सुटायला नकोच आहे. तिला हवं होतं ते एवढंच, की कुणी तरी विचारावं, आणि काही महिने कुठल्याही वॉर्डाचं तोंड बघायला लागू नये. जयदेव परत जाणार होता. करुणाला दोघांनी विचारलं, तुला कुठे राहायचंय? ती खूप रडली, मग म्हणाली, "बाबाबरोबर. शाळा आहे. आणि बाबाला साधा चहा येत नाही. मर्सीबाई आहेत ना माझ्याकडे बघायला. पण आई, तू नक्की येणार ना?"

"नक्की," सोनिया म्हणाली, आणि या वेळी आधी हसली नाही.

नाताळ छान झाला. उरलेल्या करंज्या सगळ्यांनी मिळून केल्या. जयदेवच्या निम्म्या कढईत फुटल्या. बनूबाईंनी पाळकसाहेबांना दुसरा डॉक्टर बघायला सांगितलं. पाळकबाई हसून म्हणाल्या, "बनूबाई, प्रभूकडे मुलगा मागितला होतात, त्याने सून दिली!"

"त्याला जास्त कळतं," बनूबाई म्हणाल्या. पण बापलेक निघाले त्या दिवशी गाडी वळेपर्यंत त्या गेटला धरून उभ्या होत्या, आणि त्यांना धरून सोनिया.

पहिले काही दिवस सोनिया नुसती झोपली. बनूबाई कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायच्या. शेजारणी विचारू लागल्या, सून मागे का राहिली, काही बिनसलं का? बनूबाई म्हणायच्या, "सुट्टीवर आहे. नर्सला सुट्टी नसते का?" आणि दार लावून घ्यायच्या. घरात त्या सुनेला काही विचारत नसत. दोघी भाजी निवडत, टीव्ही बघत, कात्रपच्या बाजारात जाऊन येत.

मार्चात एका सकाळी त्या सोनियाला घेऊन अंबरनाथच्या कबरस्थानात गेल्या. नवऱ्याच्या कबरीवरचं गवत काढलं, फुलं ठेवली. सोनिया बाजूला बसली होती. म्हणाली, "तिकडे आंब्याखाली पुरलंय त्याला. मी एकदाही गेले नाही बघायला."

"नाव ठेवलं होतंत?"

"राजस. मी मनातल्या मनात ठेवलं होतं. जयदेवलाही आत्ता सांगितलं, इथे आल्यावर."

बनूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. नवऱ्याचं नाव घेतलं, आणि त्याच्या पाठोपाठ नातवाचं. राजस जयदेव भिंगारदिवे, असं पूर्ण. सोनिया रडली, पण हे रडणं वेगळं होतं. घरी आल्यावर तिने भाकरी मागून घेतली आणि पोटभर जेवली.

ईस्टरच्या उपासनेनंतर तिकीट काढा, असं तिनेच जयदेवला फोन करून सांगितलं. बनूबाई विमानतळापर्यंत गेल्या. काचेच्या दारातून आत जाताना सोनिया मागे आली आणि वाकून सासूच्या गळ्यात पडली. बनूबाई परतीच्या वाटेवर गाडीत रडल्या, घरी येऊन पुन्हा रडल्या. आतली खोली आवरायला त्यांना आठवडा लागला.

जयदेवचा फोन रविवारी यायचा, तो तसाच येत राहिला. आता सोनियाचाही वेगळा येऊ लागला, ड्युटी संपता संपता, वॉर्डाच्या व्हरांड्यातून. तिला विशेष काही सांगायचं नसे. काय जेवलात, गुडघा कसा आहे, एवढंच. कधी कधी मागून एखादं तान्हं बाळ जीव तोडून रडताना ऐकू येई.

"अगं, घे ना त्याला," बनूबाई म्हणत.

"घेतलंय, आई," सोनिया म्हणे. "एका हातात फोन आहे, दुसऱ्या हातात तेच आहे."