सत्यशीलेचे ताट

अरुंधतीने रिकामे ताट काट्यावर ठेवून त्याचे वजन वहीत टिपले. गोजरबाईंनी सुनेच्या वाट्याच्या दोन भाकरी स्वतःच्या हाताने त्यात ठेवल्या, काट्याकडे पाहिले आणि तिसरी ठेवली.

"मांडा आता. आमच्या घरात कुणाच्या पोटाला कमी न्हाई."

१९८८चा हिवाळा होता. दिवस राहिलेल्या बायका काय आणि किती खातात, याचा अभ्यास करायला ही कॉलेजातली मुलगी मंठ्याजवळच्या त्या गावात आली होती. एकेका घरी तीन दिवस बसायचे, वाढलेले मोजायचे, टाकलेले वजा करायचे. रोजचेच करा, रोजचेच वाढा, असे तिने आल्याआल्या बजावले होते. पण घराची अब्रू काट्यावर चढणार असेल, तर ती हलकी भरू देणाऱ्यांपैकी गोजरबाई नव्हत्या.

रोजची रीत निराळी होती. आधी गडीमाणसे, मग गोजरबाई, सर्वांत शेवटी सून. तिला ताट नसेच. चुलीपाशी दुरडीत उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या बुडाचे कोरड्यास, एवढ्यावर तिचे भागे. तिची भूकच चिमणीची, असे गोजरबाई सर्वांना सांगत आणि ते त्यांना मनापासून खरे वाटे.

सत्यशीलेने ताटाकडे पाहिले, मग सासूकडे.

"आत्याबाई, इतकं?"

"खाय. पाव्हणीपुढं लाजू नको."

निदान दीड भाकरी परत येणार, असा गोजरबाईंचा अंदाज होता. सत्यशीला भिंतीकडे तोंड करून, कुणीतरी आता हाक मारील अशा घाईने जेवली. तिन्ही भाकरी संपल्या. ताटातले कण तिने बोटाने टिपून घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गोजरबाईंनी चौथी भाकरी वाढली. तीही संपली. गोजरबाईंच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

दुपारी अरुंधतीने वहीतल्या बेरजा दोनदा तपासल्या.

"आजी, मला उलगडाच होत नाही. पहिल्या दिवशी बोटातून रक्त घेतलं, ते सातच भरलं. अकरा तरी हवं. आणि खाणं बघावं, तर साऱ्या गावात यांचंच चांगलं. म्हणजे खाण्याचा दोष नाही, यांच्या अंगातच काही दुखणं असेल. मी चिठ्ठी देते. जालन्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा."

सत्यशीलेचे पहिले मूल मुठीएवढे जन्मले होते. आठ दिवसच राहिले. पोरीच्या माहेरचे रक्तच पातळ, असे तेव्हा गोजरबाईंनी गावभर सांगितले होते. या चिठ्ठीने त्यांचेच म्हणणे खरे ठरत होते. ती हातात घेऊन त्यांनी एक घडी घातली, मग दुसरी. चुलीपुढे सून पीठ मळत होती. पाठीची हाडे लुगड्यातून दिसत होती.

"हे तीन दिवस खोडा," गोजरबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही आल्त्या म्हणून वाढलं. एरवी तिला एक भाकर. सरली तर अर्धी. तसं मांडा."

पीठ मळणारे हात थांबले.

अरुंधतीने पेन उचलले. "घराचं नाव नाही लिहीत, आजी. नुसता नंबर टाकते."

"नाव लिहा. गोजरबाईचं घर म्हणून लिहा. अन् ही चिठ्ठी?"

"ती लागेलच. रक्त कमी आहे ते आहेच. गोळ्याही देते. पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही."

"ते कळलं मला."

दिवस मावळायच्या सुमारास सत्यशीलेचा नवरा वसंता रानातून आला. हातपाय धुऊन नेहमीप्रमाणे पाटावर बसला. पुढे ताट नव्हते.

"माय, वाढ की जल्दी. भूक लागली."

"थांब जरा. ती जेवून राह्यली."

आई थट्टा करते आहे की काय, म्हणून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. पण थट्टा करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. आत भांडे वाजले. सत्यशीला घाईने उठत होती.

"बस तू," तिकडे न बघताच गोजरबाई म्हणाल्या.

भांडे पुन्हा वाजले नाही. वसंताचे ओले हात गुडघ्यांवर वाळत राहिले.