शोधनिकालात न सापडलेली मुलगी

शू वेनलान ‘होकायंत्र’ सोडून ‘दीपस्तंभ’मध्ये रुजू झाली, तेव्हा तिचे नाव ‘होकायंत्रा’तच राहिले. बीजिंगच्या इंटरनेटवरील शोधयंत्रांच्या धंद्यात अधिकारी पळवला की त्याचे नाव जुनी कंपनी ठेवून घेते. याला तिथे सभ्यता म्हणतात. प्रारंभी तिला उणीव भासली नाही. पगार पदाला मिळतो.

मग वडील इस्पितळात पडले. शस्त्रक्रियेला मुलीची संमती हवी होती. परिचारिकेने शोधयंत्रात नाव टंकले.

“शू वेनलान सापडत नाही. तुम्हाला शू वेनलिआंग म्हणायचंय का?”

“मला माझंच नाव म्हणायचंय.”

“सगळ्यांना तसंच वाटतं, बाई.”

दुरुस्तीची ही ओळ वेनलाननेच घडवली होती. चिनीत एका उच्चाराला अनेक अक्षरे असतात आणि माणूस चुकीचे निवडतो. चूक नेहमी माणसाचीच, हे तिने यंत्राला शिकवले होते. त्याबद्दल तिचा सत्कारही झाला होता.

तिने दोन्ही कंपन्यांना कळवले. माणुसकीत मागे राहायला दोघीही तयार नव्हत्या. ‘होकायंत्रा’चे फांग सफरचंदे घेऊन आले, ‘दीपस्तंभा’चे दिंग नासपती.

“रुग्णाला नासपती?” फांग म्हणाले. “त्याचा ‘ली’ हा उच्चार ताटातुटीच्या शब्दासारखा होतो. तुमच्या यंत्राला ठाऊक नाही वाटतं.”

“ठाऊक आहे. ती तुमच्यासाठी आणलीत.”

फांगांनी खाटेची उशाकडची बाजू धरली. “परत या, वेनलान. नाव तुमच्या टेबलावर आहे. रोज पुसतो.”

“जुनं नाव कशाला?” दिंगांनी पायथा धरला. “नवं देऊ. वडिलांच्या आठवणीतही बसवून देऊ.”

दोघांनी अत्यंत अदबीने खाट आपापल्या बाजूला ओढली. खाट लांबली. परिचारिकेने खाटेला वाट म्हणून दार थोडे सरकवून घेतले. फांग उशीसह जिन्यापलीकडे गेले, दिंग पायांसह अंगणात.

“वेनलान,” वडिलांनी दुरून स्पष्ट हाक मारली.

“कुणाला बोलावताय, आजोबा?” परिचारिकेने विचारले.

शल्यविशारद हात धुऊन उभे होते. “उशीर होतोय. मुलगी सापडत नसेल तर रुग्णाचा अंगठा चालेल.”

वेनलानने संमतीपत्र आणि शाईची डबी घेतली आणि पांघरूण उचलत ती हाकेच्या दिशेने चालू लागली. हात मध्येच कुठेतरी असणार. पांघरुणाखाली चादर होती, कडक इस्त्रीची. पुढेही चादरच होती. हाक अजून येत होती, आणि खाट अजून लांबत होती.